बिनधुराची द्रेपानी

माझे दाजी अनार्गिरोस आरमारात भट्टीवाले होते आणि ग्रीसमधल्या आमच्या साऱ्या सलामिना बेटावर त्यांच्याइतकं हट्टी माणूस नव्हतं. माझी थोरली बहीण स्तामाता सोडून, हे ओघानं आलंच.

त्यांची नौका ‘द्रेपानी’, म्हणजे विळा. ती इंग्लंडहून नवी कोरी आली तेव्हा दाजींना नुकतं मिसरूड फुटलं होतं. सडपातळ अंग, चार धुराडी. मोठ्या जहाजांवर पाणतीर सोडायचे आणि पोबारा करायचा, हा तिचा धंदा. असल्या नौकेनं धूर काढला की शत्रूला आमंत्रणच. म्हणून दाजी कोळसा थोडा थोडा, पातळ पसरून टाकायचे. धुराड्यांवर नुसती हवा थरथरायची. तुर्कांशी लढाई झाली त्या हिवाळ्यात त्यांचं एक जहाज लांबून निघून गेलं, त्याला ही दिसलीच नाही. कप्तानानं सगळ्यांसमोर दाजींची पाठ थोपटली. मग काय, त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात.

पंचाईत घरी होती. आमच्याकडच्या बायका टेकडीवरून धूर बघायच्या आणि मगच चूल पेटवायच्या. कुठल्या धुराखाली कुणाचा नवरा, हे त्यांना पाठ. दाजी मात्र अचानक दारात उभे, आणि पुढ्यात गार घेवडा.

“सगळ्यांचे नवरे धूर काढत येतात,” ताई म्हणायची, “माझाच मेला मांजरासारखा येतो.”

“बिनधुराची नौका आहे, बाई. मान आहे त्यात.”

“मग मान खा. तो गरम असेल.”

समुद्रापलीकडचं स्मिर्ना शहर जळालं त्या वर्षी द्रेपानी निर्वासितांना आणायला गेली आणि महिना उलटला तरी तिचा पत्ता नाही. ताई रोज टेकडीवर. अन्न गोड लागेना तिला. एका दुपारी दाजी हसत आले, सदऱ्यावर कुणाचं तरी तान्हं मूल ओकलेलं. ताई हसली नाही. “एकदा तुझा धूर मला लांबून दिसू दे,” ती म्हणाली. “तू जिवंत येतोयस, हे आधी कळू दे.” दाजी सदरा धुवायला निघून गेले. मला दोघांचंही वाईट वाटलं, पण राग दाजींचाच आला.

पुढं द्रेपानी भंगारात निघाली. पोरोस बेटाहून आमच्या गोदीत एकदा शेवटचं यायचं, आणि दाजींची नोकरीही त्याच दिवशी संपायची. गोदीवर बडे अधिकारी, बँड. कप्तानाचा हुकूम होता : शेवटचं येणंही बिनधुराचं.

ताई सवयीनं टेकडीवर चढली. मी सोबत होतो. “काय दिसणार आहे, कपाळ,” ती म्हणाली.

आणि भूशिरामागून काळाकुट्ट लोट उठला. मला वाटलं, भट्टीच फुटली. कप्तानालाही तसंच वाटलं असावं. दाजींनी मागाहून सांगितलं, बोलायच्या नळीतून तो खाली भट्टीकडे ओरडला, “अनार्गिरोस, काय जळतंय?”

“काही नाही, कप्तान. घरी मासे तळायला सांगतोय.”

कप्तानही बायकोवालाच, त्यानं ते चालवून घेतलं. वारा गावाच्या दिशेनं होता. वाळत घातलेल्या सगळ्या चादरी काळ्या झाल्या. पाद्रीबाबांचा झगा तेवढा बचावला, तो मुळातच काळा. बायका शिव्या घालत होत्या आणि ताई त्या वयात टेकडी धावत उतरत होती.

दाजी दारात आले तेव्हा मासळी कढईतून थेट ताटात पडली. दोन तपं आगीत काढलेल्या त्या माणसाची पहिल्याच घासाला जीभ पोळली.

“फार गरम आहे गं,” ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

“खा,” ताई म्हणाली. “मान आहे त्यात.”