चाड्याला दिलेला रंग

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, पारनेर तालुक्यातले सुतार. त्यांच्या कामाबद्दल गावाची एकच तक्रार असे: त्यांची पेरणीची तिफण मोडत नाही. एकदा तिफण नेलेलं गिऱ्हाईक दहा-दहा वर्षं पुन्हा फिरकत नसे. त्यात दुष्काळ पडला. पेरायलाच काही नाही, तर नवी तिफण कोण करून घेणार? निम्मं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जात होतं आणि आता पाळी मामांची होती. वाकसानं केसभर लाकूड उतरवणारा तो साठीचा हात दगड फोडणार, या विचारानंच मला राग यायचा. कुणाचा, ते सांगता येत नाही, बहुधा पावसाचाच.

अशात पंचायतीच्या फळ्यावर जाहिरात लागली. जिल्ह्यातल्या लहान कारागिरांच्या सुधारित अवजारांना बक्षीस, आणि पहिल्या नंबराला प्रत्येक तालुक्यासाठी नमुने करून द्यायचं काम. म्हणजे वर्षभर तरी खडी टळणार. नवरा पुण्याला जेमतेम पगाराच्या नोकरीत, मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे घरातला कारकून मीच. मामांच्या मागे लागून अर्ज भरला.

दाखवण्यासारखं त्यांच्याकडे खरोखर होतं. तिफणीवर बी सोडायचं लाकडी वाडगं असतं, ते चाडं. त्याच्या तळाला तीन भोकं, भोकांखाली तीन नळ्या. मूठ सारखी सुटली नाही तर एका ओळीत दाटी आणि शेजारची ओळ रिकामी. मामांनी भोकांच्या मधोमध लाकडाचं एक टेंगूळ ठेवलं होतं, इतकं बेतशीर की नवख्या पोरीनं मूठ सोडली तरी दाणे तिन्हीकडे सारखे जायचे. घरोघरचे पुरुष कामासाठी परगावी गेलेले, चाड्यावर आता बायका-पोरी उभ्या राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला ते टेंगूळ आजही मोठा शोध वाटतो.

महिन्याभरानं पत्र आलं. शेवटच्या तिघांत निवड झाली होती. शनिवारी संध्याकाळी नगरला समारंभ, अवजार सोबत आणावं, ते ‘सुबक व नीटनेटकं’ असावं.

या दोन शब्दांनी माझा घात केला. मामा तिफणीला कधी रंग देत नसत. माझ्या हट्टापायी त्यांनी खालच्या जाड आडव्या लाकडाला, दिंडाला, तेवढा हिरवा रंग लावू दिला, आणि त्या हिरव्यापुढे चाडं फारच मळकट दिसायला लागलं. शनिवारी सकाळी मामा एसटीच्या टपावर तिफण चढवण्याचं विचारायला स्टँडवर गेले, तेवढ्यात मी चाड्यालाही आतून-बाहेरून लाल हात मारून घेतला. तासाभरानं वर पोतं गुंडाळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या. मंचावर कोपरगावच्या कारागिराचा लोखंडी नांगर, कोल्हारच्या माणसाची गुळाची काहील आणि आमची तिफण. पोतं सुटलं, लाल चाडं दिसलं आणि मामांची नजर थेट बायकांच्या रांगेत माझ्यावर आली. पण बोलायला वेळ नव्हता. परीक्षक साहेबांनी खाली पांढरी चादर अंथरली होती. एका कारकुनानं मूठभर ज्वारी चाड्यात सोडली. दोन नळ्यांतून दाणे पडले. तिसरीतून एकही नाही.

लोक हसले. मीही लोकांत असते तर हसले असते.

मामांनी भोकात बोट घातलं. बोटाला लाल रंग आणि चिकटलेले चार दाणे आले. ते त्यांनी धोतराला पुसलं आणि माईकपाशी गेले. या माणसानं उभ्या जन्मात माईक धरला नव्हता.

“रंग म्याच दिला,” ते म्हणाले. “वला हुता. चूक माझी हाय, टेंगळाची न्हाई. ज्याला आसं चाडं करायचंय त्यानं माझ्याकडनं माप घ्यावं. फुकट देतो.”

हसणं थांबलं. बक्षीस कोपरगावच्या नांगराला गेलं आणि नांगर चांगलाच होता. समारंभ संपल्यावर तोच नांगरवाला मामांपाशी आला. मामांनी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर त्याला टेंगळाची उंची नि उतार काढून दिला, आणि समजलं की नाही ते दोनदा विचारलं. हरलेला माणूस जिंकलेल्याला शिकवत होता आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि भिंतीवर डोकं आपटावंसंही.

परतीच्या एसटीत मी रडू लागले. म्हटलं, “मामा, तुम्ही खोटं का बोललात? रंग मी दिला होता.”

“फारमावर नाव कुनाचं?”

“तुमचं.”

“बक्षीस मिळालं आस्तं तर हार कुनाच्या गळ्यात पडला आस्ता?”

“तुमच्याच.”

“मंग? हार तेवढा माझा आन चूक तुझी, आसं कुठं आस्तं व्हय, सूनबाई?” असं म्हणून त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं आणि गावापर्यंत झोपून गेले.

सोमवारपासून ते खडीवर जाणार हे आता पक्कं होतं. मीही त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं होतं, पण ते मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. नाही म्हणतील याची भीती होती. रविवारी मामा ओट्यावर बसून हातोड्यांचे दांडे तासत होते. बाभळीचे दोन दांडे होते. मी एक उचलून पाहिला, तर तो दुसऱ्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड होता आणि माझ्या मुठीत नेमका बसत होता.