माझ्या कपाळाला चिकटलेला ब्रेकचा पंप

सोनपेठच्या अलीकडं, काळ्या रानाच्या कडेला एक गाव आहे. त्या गावात एक म्हातारी राहत होती. तिला एक लेक, लेकाला एक बायको, दोघांना मिळून एक चिमुकली पोर, आणि या सगळ्यांना पोसणारी एक जीप होती. म्हातारी म्हणजे मीच, गयाबाई. लेक भागवत, सून शिवकन्या, नात परी. जीपला नाव नव्हतं, पण घरात मान तिचाच मोठा.

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या हातून काय होऊन बसलं ते! अजून नळावर गेले की बाया पदर तोंडाला लावून हसतात. हसा बायांनो, हसा. पण तेव्हा आमच्या घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भागवत पाथरी-सोनपेठ रस्त्यावर जीप चालवायचा. एक दिवस कॅनॉलच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. जीप कापसाच्या रानात घुसली. जीव कुणाचा गेला नाही, पण एका म्हाताऱ्या बाबाचा हात मोडला. त्या दिवसापासून आमच्या जीपमध्ये माणूस बसेना. आमची रिकामी समोर उभी असली, तरी लोक मागच्या जीपला लोंबकळून जायचे!

घरात तर त्याहून वाईट झालं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं चाकापाशी बसून पेच ढिला करायचा, दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबून धरायचं. पेच आवळायच्या आधी पाय सोडला, तर हवा पुन्हा आत. हे पेडल दाबायचं काम शिवकन्याचं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचंच. जीप रानात गेली त्याच्या आदल्या दिवशीही तिनंच दाबलं होतं. मग काय, भागवतनं सगळा राग तिच्यावर काढला.

"तू पाय आधी सोडलास!"

"तुमी 'सोड' म्हनल्याबिगर मी पाय हलवला न्हाई."

"मग हवा काय आभाळातून आली?"

शिवकन्यानं रात्रीच गाठोडं बांधलं. सकाळी परीला काखेत घेतलं आणि जिंतूरकडं माहेरी निघून गेली.

मग कसलं घर अन् कसलं काय! जीप लिंबाखाली उभी. कोंबडीनं मागच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. भागवत बाजेवर पडून आढ्याकडं बघत राहायचा. ताटातली भाकर तशीच वाळायची. परीची एक चप्पल दारात राहिली होती. ती उचलून ठेवायला आम्हा दोघांचाही हात धजेना.

"जाऊन आन की रे तिला," मी म्हणायची.

"ती गेली, तिनंच यावं. मी काय तिला हाकललं न्हाई."

आणि एक दिवस हा पाथरीहून एक डबा घेऊन आला. म्हणाला, "माय, गॅरेजवाल्याकडून मागून आनलंय. ह्या पंपानं एकटा मानूस ब्रेकची हवा काढतो. पेडल दाबायला कुनी लागत न्हाई."

ऐकलंत? बायकोच्या पायाच्या बदल्यात यंत्र आणलं!

डबा उघडला तर आत काय? काळं कुळकुळीत पिस्तूल! त्याला घड्याळासारखी तबकडी, तबकडीत काटा, तोंडाला नळी आणि नळीला लावायच्या रबरी टोप्या. भागवतनं दाखवलं, "हा दांडा दाबत राहिलं की हवा वढून घेतंय. किती वढली ते काटा सांगतो." आणि ब्रेकचं तेल आणायला सोनपेठला निघून गेला.

आता तुम्हीच सांगा, हवा ओढून घेतं म्हटल्यावर माझ्यासारख्या बाईला काय आठवणार? तुंबडी! पूर्वी आमच्या गावात वैदीण यायची. शिंगाचं रुंद तोंड कपाळावर ठेवायची, दुसऱ्या टोकाला तोंड लावून हवा ओढायची. शिंग कपाळाला असं चिकटायचं की डोक्यातली सगळी कळ त्यात निघून जायची. ती वैदीण यायची बंद झाली, आणि शिवकन्या गेल्यापासून माझं डोकं तर घण घातल्यासारखं ठणकत होतं.

मी म्हटलं, ही तर सुधारलेली तुंबडी! आणि घरात आयती आलेली!

सगळ्यात मोठी रबरी टोपी नळीला लावली, कपाळाच्या मधोमध धरली, आणि दाबला दांडा. एकदा दाबला, बरं वाटलं. अजून दाबला, अजून बरं वाटलं. मग काय, कापसाचं बोंड वेचावं तसा हात चालू! काटा सरकत सरकत गेला आणि उभा राहिला. हलेना.

मीही बसले डोळे मिटून. लय बरं वाटलं हो. मग कातडी ओढायला लागली. मग भुवया वर गेल्या. मग काढायला गेले, तर निघेना! सोडायची कळ कुठं असते, हे मी विचारलंच नव्हतं.

पिस्तूल हातात, नळी कपाळात, अशी मी अंगणात येरझारा घालत असताना भागवत आला. हातातली तेलाची बाटली पडलीच त्याच्या.

"माय! काय करायलीस?"

"तुंबडी लावली रे बापा. निघंना!"

"आगं, हे ब्रेकचं हाय!"

"कपाळाला काय ठावं, ब्रेकचं हाय का कशाचं? काढ आधी!"

त्यानं पिस्तूल हातात घेतलं, मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि कळ दाबली. टप्प! टोपी सुटली, माझा तोल गेला आणि मी मागच्या बारदान्यावर आडवी!

नेमकी तेव्हाच शेजारच्या द्वारकाबाईनं भिंतीवरून मुंडकं वर काढलं. तिला काय दिसलं? लेकाच्या हातात पिस्तूल, मायच्या कपाळाला लावलेलं, टप्प असा आवाज, आणि माय खाली!

"धावा रेऽऽ! भागवतनं मायला गोळी घातलीऽऽ!"

धावणार कोण? दिवस ऊसतोडीचे. धडधाकट माणसं कारखान्याकडं गेलेली, गावात उरलेल्या सगळ्या माझ्याच वयाच्या. काठ्या टेकत टेकत जमल्या. तोवर मी उठून बसले होते. कपाळावर जांभळागर्द गोल, रुपयाच्या नाण्याहून मोठा.

एकजण वाकून बघायला लागली. "गोळी आरपार गेली का आतच हाय?"

दुसरी म्हणाली, "आत असती तर बोलली असती का?"

"मी कुठं काय बोलले अजून?" मी म्हटलं.

"बगा, बोलायली! म्हंजे आरपार गेली."

पोलीस पाटील आले. त्यांनी पंप हातात घेतला, वास घेतला, मग माझ्याकडं असं बघितलं की गोळी लागली असती तर बरं, असं वाटलं. भागवत मान खाली घालून बसलेला. गावात आधीच तोंड दाखवायला जागा नव्हती, त्यात मी ही भर घातली.

मिटलं असं वाटलं. पण द्वारकाबाईनं मधल्या वेळात ऊसतोडीला गेलेल्या तिच्या लेकाला फोन केला होता. त्याच्या टोळीशेजारी जिंतूरकडची टोळी. मग गोळीची बातमी जिंतूरला पोचायला कितीसा वेळ!

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवत जीपखाली शिरला. चाकाच्या पेचाला नळी लावून पंपानं तेल ओढलं. तेल आलं, पण त्यात हवा म्हणावी अशी नव्हतीच. चारही चाकं बघितली. तेच. मग त्यानं ब्रेकला जोर देणाऱ्या जाड रबरी नळीला पंप लावला. दांडा दाबला की काटा वर जायचा, हात थांबला की धपकन खाली.

पंप आपटायचाच तेवढा बाकी ठेवला त्यानं. "बिघडवलास माय! आता गॅरेजवाल्याला काय सांगू? कपाळाला लावला म्हनू?"

माझे डोळे भरून आले. "अरं, माझ्या कपाळावर तर काटा जागचा हलला न्हाई रे!"

त्यानं पंपाकडं बघितलं. टोपी स्वतःच्या तळहाताला लावली, दांडा दाबला. काटा उभा! पुन्हा जीपच्या नळीला लावला. खाली! पुन्हा तळहाताला. उभा!

त्यानं ती नळी काढली, वाकवली. खालच्या अंगाला ही एवढी चीर. नळी हातात घेऊन तो तिथंच मातीत बसला.

"माय, चाकात हवा नव्हतीच. नळी फाटली होती. तिनं पाय सोडला नव्हता गं."

असा रडवेला आवाज मी त्याच्या बापाच्या मयतीलाही ऐकला नव्हता.

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा! भावाच्या मोटारसायकलवरून उतरून, परीला ओढत शिवकन्या पळत येत होती. "आत्याबाईऽऽ! अशा कशा गेलात वोऽऽ!"

मी दारात उभी. मला बघून तिचा हंबरडा मधेच अडकला.

"तुमी मेल्या न्हाईत व्हय?"

"न्हाई बाई," मी ओशाळून म्हटलं.

"मग मी काय उगं जिंतूरपासनं रडत आले?"

भागवतनं ती फाटकी नळी तिच्यापुढं धरली. मग हळूच म्हणाला, "तुझा पाय बरोबर होता."

"मला ठावं होतं. तुमाला कळायला मायचं कपाळ सुजावं लागलं!" तिनं डोळे पुसले, पदर खोचला. "तो पंप परत देऊन या. पेडल मी दाबते. पन 'सोड' जरा मोठ्यानं म्हनत जा."

नवी नळी बसली. पहिल्याच दिवशी तो हात मोडलेला बाबा झोळीतला हात सांभाळत पुढच्या सीटवर येऊन बसला. तो बसला म्हटल्यावर गाव बसलं.

माझं डोकं मात्र मधनंमधनं दुखतंच. परवा भीत भीत शिवकन्याला म्हटलं, "तो पंप पुन्हा एकदा मागून आनावा का गं?"

ती भाकर थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, नळी फुटकी व्हती म्हून काटा पडला. तुमच्यावर पडलाच न्हाई. म्हंजे तुमच्या डोक्यात काही शिरायला कुठूनच वाट न्हाई!"

आता बाजाराच्या दिवशी आमची जीप अशी भरून जाते, की तीत मलाच जागा मिळत नाही. लिंबाखाली आम्ही दोघीच उरतो, जागा गेलेली कोंबडी आणि मी.