दहापैकी किती दुखतं

या बाईंबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक नाही. घरी कोण कोण होतं हेही धड ठाऊक नाही. एक सून होती आणि तिला भांडी आपटायची सवय होती, एवढंच. हाडांच्या दवाखान्यात, रुग्ण वाट बघत बसतात त्या खोलीत त्या मदतनीस होत्या. चाकाची खुर्ची ढकलायची, केसपेपर आत नेऊन द्यायचे, कुणाचा हरवलेला चष्मा त्याच्याच डोक्यावर आहे हे सांगायचं, अशी त्यांची कामं. सगळे त्यांना मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणालो. मी त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बसा, भाचेराव." तेव्हापासून त्या दवाखान्यात मी भाचेराव झालो.

त्या वर्षी खोलीत एक यंत्र आलं. खांबावर बसवलेला पडदा आणि त्यावर एक ते दहा आकडे, प्रत्येक आकड्याखाली एक चेहरा. आपल्याला किती दुखतंय ते बोटाने दाबून सांगायचं. दवाखान्यात एक संशोधन चाललं होतं. माणूस डॉक्टरसमोर संकोचतो, यंत्रासमोर संकोचणार नाही, मग तो खरं सांगेल, अशी त्यामागची कल्पना. ते काम बघणारी डॉक्टरीण तरुण होती, हुशार होती. चेहरेही चांगले काढले होते. पहिला हसरा, दहावा ढसाढसा रडणारा. सहावा मला चहा गार झालेल्या माणसाचा वाटला, आणि नववा थेट माझ्या थोरल्या मेहुण्याचा.

पण मला यंत्राचाही संकोच वाटतो, हे संशोधनात कुणी धरलं नव्हतं. मागे माणसं खोळंबली होती. मी घाईघाईने दोन दाबलं. दोन म्हणजे कुणाला तसदी नको. तेवढ्यात मावशींनी बाजूने हात घातला आणि माझ्या दोनाचे सात केले.

"अहो मावशी," मी कुजबुजलो.

"डाव्या पायात मोजा आहे, उजव्यात नाही," त्या म्हणाल्या. "ज्याचा हात उजव्या पायापर्यंत पोचत नाही, त्याचे दोन कसे?"

सात बघून मला त्याच दिवशी आत घेतलं. एक्स-रे काढला, तर उजवा खुबा पार झिजलेला. दोन महिन्यांत शस्त्रक्रिया झाली आणि मी पुन्हा आपल्या हाताने मोजे घालू लागलो.

मावशी सगळ्यांच्याच आकड्यांत हात घालत असत, हे मला नंतर कळलं. नुसते वाढवायच्याच असं नाही. एक जाडजूड गृहस्थ दहा दाबून विव्हळत बसले होते. ते दोन-दोन पायऱ्या चढून आलेले मावशींनी खिडकीतून पाहिलं होतं. त्यांचे चार झाले.

शस्त्रक्रियेनंतर दवाखान्याने एक कागद भरायला दिला. यंत्राचा अनुभव दोन-तीन ओळींत लिहा, असं त्यावर होतं. मी सहसा काही लिहीत नाही. पण त्या दिवशी घरी बसून आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं: "मावशींनी माझ्या दोनाचे सात केले, म्हणून मी आज चालतो आहे. त्यांचे आभार." बायकोने वाचलं आणि छान लिहिलंय म्हणाली. माझ्या लिखाणाचं झालेलं ते पहिलं कौतुक. आणि त्याच लिखाणाने मावशींचा घात केला.

पुढच्या खेपेला गेलो तर मावशी नव्हत्या. यंत्रावर पाटी लागली होती: उत्तर रुग्णाने स्वतःच द्यावे. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांना तळघरात चादरींच्या घड्या घालायला पाठवलंय. संशोधनाच्या आकड्यांना हात लावला म्हणून त्यांच्यावर चौकशी बसली होती, आणि दोष सिद्ध झाला तर निवृत्तीला पाच महिने उरलेले असताना त्यांना घरी बसवणार होते.

मी कठड्याला धरून तळघरात उतरलो.

"या, लेखक," मावशी म्हणाल्या.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. इतकी वर्षं मुकाट बसलात, अजून थोडं बसला असतात तर कुणाचं अडलं होतं, असंही ऐकवलं. रागावून नव्हे. तीन-चार घड्या झाल्यावर मात्र खालच्या आवाजात म्हणाल्या, "घरी सांगितलं नाही अजून. रोज डबा घेऊन निघते. पण काढून टाकलेली बाई म्हणून घरी बसायचं आणि दिवसभर सुनेची भांडी ऐकायची, ते मला नाही जमणार."

तिथून मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर जाऊन बसलो. तासभर एकच वाक्य मनात घोकत होतो. आत गेल्यावर ते उलटंसुलटं बाहेर आलं. मी दाबलेलं दोन खोटं होतं, मावशींनी दाबलेलं सात खरं होतं, आणि शिक्षाच करायची तर खोटं बोलल्याबद्दल मला करा, असं काहीसं मी म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्याने बदललेला आकडा खरा असला तरी धरता येत नाही, असं म्हणाल्या. त्यांचंही बरोबरच होतं. मी उठलो.

"पण त्यांना कळलं कसं?" त्यांनी विचारलं.

मी मोज्याचं सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी सगळे आकडे डॉक्टरांच्या तपासणीशी ताडून पाहिले. मावशी खोलीत होत्या त्या दिवसांचे आकडे पुष्कळसे जुळत होते. त्या तळघरात गेल्यापासून खोलीतली निम्मी माणसं पाच दाबत होती. पाच म्हणजे धड हसणं नाही, धड रडणं नाही. भिडस्तांची सोय.

चौकशी तोंडी समज देऊन मिटली. संशोधनात नवा भाग जोडला गेला: काही दिवस नुसतं यंत्र, काही दिवस यंत्र आणि शेजारी मावशी. त्यांना खुर्ची मिळाली, आणि एक अट. हवं ते विचारा, पण बोट रुग्णाचंच हवं. अहवालात त्यांचा उल्लेख "प्रशिक्षण नसलेली सहायक व्यक्ती" असा होणार असल्याचं कळलं, तेव्हा त्या दोन दिवस फुगून होत्या. तीस वर्षं माणसं उठताबसता बघितली, ते काय मग, असं त्यांनी मलाच विचारलं. जणू अहवाल मी लिहिला होता. माझ्या लिखाणावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, तो परत काही बसला नाही.

त्यांची निवृत्ती झाली तेव्हा मी लेकीकडे गेलो होतो. त्याआधी एकदा डावा गुडघा दाखवायला गेलो होतो, तेवढीच शेवटची भेट.

"आज किती?" त्यांनी विचारलं.

"चार."

त्यांनी माझ्या काठीकडे बघितलं. काठी नवी होती.

"बरं, सहा," मी म्हणालो.

"मग सहा दाबा. बोट तुमचं."

मी सहा दाबलं. गार चहाचा चेहरा उजळला. मावशी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन, दमादमाने उठत होत्या.

"तुमचं किती, मावशी?"

"एक," त्या म्हणाल्या. "सरका, मागच्यांना येऊ द्या."