फरशीवर ठेवलेला कोयता

मलकापुरात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी सिमेंटचे दोन बाक आहेत. संध्याकाळी तिथं आम्ही पाच-सहा पेन्शनर बसतो. हायवेच्या गाड्यांचा आवाज सारखा असतो, म्हणून सगळेच जरा चढ्या आवाजात बोलतात. गेल्या आठवड्यात कुठल्याशा गावात कोयत्यानं माणूस तोडल्याची बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होती. आमच्यातल्या एका माजी फौजीचं म्हणणं पडलं की कोयते, तलवारी, मोठे सुरे, सगळ्यांच्या विक्रीवर सरसकट बंदी घाला, दुकानात दिसला की दुकानाला सील. शेजारचे मास्तर म्हणाले, मग ऊस काय दातानं तोडायचा का? थोडी हसाहशी झाली आणि दोघंही माझ्याकडं वळले. कारण मी पोलीस खात्यातनं हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं मुद्देमाल कारकून होतो. म्हणजे गुन्ह्यात सापडलेली प्रत्येक वस्तू लेबल लावून सांभाळणारा माणूस.

"हवालदार, तुमीच सांगा," फौजी म्हणाला, "बंदीनं फरक पडतो का न्हाई?"

मी म्हणालो, गुडघा दुखतोय, आणि उठून घरी आलो. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

एके काळी हा प्रश्न मला विचारायचाच अवकाश, मी तासभर ऐकवायचो. तासगावच्या बाजूला एका ठाण्यात माझी मुद्देमाल खोली होती. एकच खिडकी, तिलाही पत्रा ठोकलेला. रॅकवर खाकी कागदातले पुडे, प्रत्येक पुड्याला दोरा, लाखेचं सील आणि माझ्या अक्षरातलं लेबल. लोकांना वाटतं अशा खोलीत नुसत्या तलवारी आणि सुरे असतील. होतेच की तेही. पण चटणी वाटायचा वरवंटा होता, म्हशीचं दावं होतं, द्राक्षबागेतला लोखंडी अँगल होता, क्रिकेटचा स्टंप होता. एका पुड्यात तर फुलाफुलांच्या अभ्र्याची उशी होती. तो पुडा इतका मोठा झाला की रॅकवर मावेना, म्हणून जमिनीवर ठेवलेला. रोज त्याला वळसा घालून आत जावं लागायचं. ही खोली ज्यानं नऊ वर्षं झाडली, त्याला कुणी चाकूबंदीचं कौतुक सांगायला लागलं की त्याचं डोकं फिरणारच. माझं फिरायचं.

एका वर्षी पुण्याकडं कोयत्यांचा बोभाटा झाला आणि वरून आदेश आला की कोयते विकणाऱ्यांची बैठक घ्या, गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहिल्याशिवाय माल देऊ नका असं बजावा. आमच्या साहेबांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. सातबारा दाखवेल त्यालाच कोयता, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. हॉलमध्ये हार्डवेअरवाले, लोहार, बाजारात विळे-खुरपी विकणाऱ्या बायका, सगळे गोळा झाले. एका लोहारणीनं उभं राहून विचारलं की ऊस तोडकऱ्यांना कुठला सातबारा, त्यांनी काय करायचं? साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी सुटलो. रॅकवरच्या वस्तूंची अख्खी यादी म्हणून दाखवली. वरवंट्यावर बंदी घालणार का? दाव्यावर? उशीवर? मारायचं एकदा मनात आलं की माणूस हाताला लागेल ते उचलतो, असं म्हणून खाली बसलो. टाळ्या पडल्या. साहेबही हसले. पुढं आठवडाभर चहाच्या टपरीवर लोक मला तेच पुन्हा सांगायला लावत होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

त्यानंतरच्या रविवारी माझी मेहुणी आली. माझ्या बायकोची धाकटी बहीण. तिला आमच्याच ठाण्याच्या हद्दीतल्या गावात दिलेली. दोन एकर द्राक्षबाग, घरी नवरा, आणि त्याच आवारात मध्ये भिंत घालून राहणारा थोरला दीर. दोघा भावांत एकच बोअर. पाण्याच्या पाळीवरून कुरबूर चालायचीच, गावात कुणाची चालत नाही? माझा साडू तसा भला माणूस, पण डोकं तापट. एकदा स्वतःच्याच मोटारसायकलला लाथा घालून तिचा दिवा फोडला, आणि अर्ध्या तासानं तिच्यापाशी बसून रडला होता. मी हा किस्सा लग्नकार्यात हसून हसून सांगायचो.

मेहुणी आली ती पोलीस लाइनीतल्या आमच्या खोलीत आली आणि चप्पल काढल्या काढल्या तिनं पिशवीतनं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. ऊसतोडीचा कोयता होता, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. आमच्याकडं धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, दोघांत भांडण होतं म्हणतात. देणाऱ्यानं खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. तिनं तो माझ्यासमोर फरशीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकली.

"दाजी, ह्यो तुमच्याकडं ठेवा," ती म्हणाली.

मी विचारलं, का बाई? तेव्हा तिनं सगळं सांगितलं. आता पाळीवरून नुसत्या शिव्या राहिल्या नव्हत्या, दोघं भाऊ अंगावर धावून जायला लागले होते. दोनदा हिनं मध्ये पडून सोडवलं होतं. आणि दुसऱ्या वेळी तिनं पाहिलं होतं की नवऱ्याची नजर दारामागच्या खिळ्याकडं गेली. हा कोयता तिथं टांगलेला असायचा. फेकून दिला तर नवरा बाजारातनं दुसरा आणील, लपवला तर शोधून काढील आणि वर तिलाच बोलेल. पण पोलिसातल्या दाजीनं मागून नेला, साहेबाचा तसा हुकूम आहे, असं तिनं घरी सांगितलं तर तो चकार शब्द काढणार नाही. एवढंच तिचं मागणं होतं. द्राक्षाचा हंगाम उरकेपर्यंत तुमच्याकडं राहू द्या, म्हणाली.

मी चहा घेत होतो. कप खाली न ठेवता म्हणालो, अगं, हा गेला म्हणून काय झालं, घरात विळा नाही का?

"इळ्यानं रगात येतं, दाजी. मानूस मरत न्हाई," ती म्हणाली. "त्यांचा राग दुधाच्या उतावाणी हाय. चूल बारीक करायला मला तेवढा वेळ पायजे."

बायको आतून म्हणाली, घ्या की ठेवून, तो काय खायला मागतोय का? पण माझ्या कानात अजून त्या हॉलमधल्या टाळ्या होत्या. मी तिला आमच्या रॅकवरची यादी सुरू केली. वरवंटा, दावं, अँगल. तुझ्या घरातनं काय काय हलवशील? पहार? कुऱ्हाड? ती म्हणाली, कुऱ्हाडीचं म्हणाल तर, आणि मी तिला मध्येच तोडलं. कुऱ्हाड म्हण, दगड म्हण, बागेत अँगल तर शेकड्यांनी उभे आहेत, असं म्हणालो. माणसाला आवरायचं असतं, लोखंडाला नाही. मी येईन एक दिवस, दोघांना समोर बसवून दम देईन. तिनं मान हलवली.

जेवण झालं, बहिणीबहिणींच्या गप्पा झाल्या. कोयता सगळा वेळ फरशीवर तसाच पडून होता. जाताना तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, खाली वाकली, तो उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घातला. दुपारच्या एसटीनं ती परत गेली.

दम द्यायला मी गेलो नाही. बंदोबस्त लागला, मग यात्रा आली, मग राहूनच गेलं.

चार महिन्यांनी, बागेत माल काढायला आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. मी खोलीला कुलूप लावून पुढच्या दालनात आलो, तर ठाण्याच्या दारात माझा साडू उभा. शर्टाची पुढची बाजू आणि उजवा हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेला. तो मोटारसायकल चालवत एकटाच आला होता. पाण्याचा व्हॉल्व पाळी संपायच्या आत भावानं फिरवला, एवढंच निमित्त. राग कधीच उतरलेला होता. मला पाहिल्यावर त्याला जरा धीर आल्यासारखं वाटलं. तो सरळ माझ्याकडं आला आणि हातातला कोयता त्यानं माझ्यापुढं धरला. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.

मला एवढंच म्हणता आलं, "खाली ठेवा."

त्यानं शहाण्या पोरासारखा तो फरशीवर ठेवला. मग म्हणाला, "पाव्हनं, दादाला दवाखान्यात न्या की कुनीतरी. लय रगात जातंय."

दादा जागीच गेला होता. ते त्याला आम्ही तासाभरानं सांगितलं.

साहेबांना मी नातं सांगितलं. ते म्हणाले, तपास तुमच्याकडं नाही, पण मुद्देमाल तर तुम्हालाच घ्यावा लागणार. पंच आले, पंचनामा झाला. मी खाकी कागद कापला, पुडा बांधला, लाख वितळवली. लेबलवर लिहिलं, गुन्ह्यात वापरलेला लोखंडी कोयता, लाकडी मूठ, मुठीवर रबरी पट्टी. अक्षर नेहमीसारखंच आलं. त्याचीच मला नंतर जास्त लाज वाटली. उशीच्या पुड्याशेजारी जागा करून तो तिथं ठेवला. त्या रात्री बायको माझ्याशी बोलली नाही, आणि त्या विषयावर आजतागायत बोललेली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दीड वर्षानं सांगलीच्या कोर्टात केस उभी राहिली. माझ्या नोकरीचे शेवटचे काही महिने उरले होते. मुद्देमाल घेऊन कोर्टात हजर राहणं माझंच काम, त्यामुळं मी पुडा मांडीवर घेऊन बाकावर बसलो होतो. साक्षीला मेहुणी होती. तिनंच तर सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. पुडा उघडला. सरकारी वकील म्हणाले, साक्षीदाराला दाखवा. मी उठलो, पिंजऱ्यापाशी गेलो आणि सवयीनं कोयता तिच्यासमोरच्या फळीवर ठेवला. दोन पावलं मागं सरकलो. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझी मान खाली गेली.

ओळखता का, वकिलांनी विचारलं. व्हय, आमचाच, ती म्हणाली. दारामागं खिळ्याला असायचा. मग आरोपीचा वकील उठला. त्याला दाखवायचं होतं की हत्यार मुद्दाम आणलेलं नाही, शेतीचं अवजार आहे. म्हणजे हा कोयता कायम घरातच असायचा, घराबाहेर कुठं गेला नव्हता, बरोबर? तिनं फळीवरच्या कोयत्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगणार. भरल्या कोर्टात सांगणार की मी हा दाजींच्या पुढ्यात ठेवला होता. सांगू दे, असंही वाटलं.

"व्हय," ती म्हणाली, "घरातच असायचा."

शपथ घेऊन ती आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही माझ्यासाठी.

बाहेर आवारात चहाच्या गाड्यापाशी आम्ही दोघं उभे राहिलो. तिचं वय तेव्हा चाळीसही नव्हतं. नवरा आत, दीर गेलेला, जाऊ भिंतीपलीकडं, तीही हिच्याशी बोलत नाही. बाग दोघींच्याही अंगावर पडलेली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायची होती. पण इतक्या वर्षांची सवय, जिभेवर जे आलं ते आलं. मी म्हणालो, तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तो कोयता नसता तरी त्यानं कुऱ्हाड उचलली असती.

तिनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं. तिला राग आलेला नव्हता, तेच मला सोसवेना.

"कुऱ्हाड माळ्यावर हुती, दाजी," ती म्हणाली. "शिडी मी तुमच्याकडं यायच्या आदल्या दिशीच म्हायेरी धाडली हुती. पहार जुन्या इहिरीत टाकली. घराजवळचं सुटं अँगल उचलून लांब बांधाला नेऊन ठिवलं. त्यो एकच ऱ्हायला हुता."

मग तिनं कप गाड्यावर ठेवला, पदर सावरला आणि तासगावची एसटी लागली का ते बघायला स्टँडकडं निघाली.