छावणीत हजर असलेली लेक

कुठलाही कागद हातात आला की सचिव तो आधी उजेडाकडे धरायचे, मग उलटा करून त्याची पाठ बघायचे आणि विचारायचे, "शिक्का कुठंय? बिनशिक्क्याचा कागद म्हंजी बिनशिंगाचा बैल. दिसाया बैल, पर धरावं कुठं?" माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी अशीच पालथी करून बघितली होती.

बीडला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सचिव जवळच्या एका गावातल्या सहकारी सोसायटीचे. तुमच्याही तालुक्यात असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेलच. सोसायटीच्या सभा माझ्या काउंटरवरच भरत. हजर असत सचिव, मी आणि चहा. कागदावर मात्र सूचक सुचवायचे, अनुमोदक अनुमोदन द्यायचे आणि ठराव सर्वानुमते मंजूर व्हायचा. एकदा तर वारलेल्या माणसानं ठराव मांडला. मी लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "जित्ता असता तर इरोध केला असता का? न्हाई ना? मग लिवा."

दुष्काळाच्या वर्षी सोसायटीनं चारा छावणी काढली. एका नावावर पाचच जनावरं घेत. गावातली निम्मी जनावरं तर आधीच बाजारात विकली गेली होती. पण सरकारी अनुदान जनावरामागे मिळायचं आणि चेअरमनला छावणी भरलेली हवी होती, म्हणून सचिवांनी भरवशाची नावं शोधली. सगळ्यात भरवशाचं नाव त्यांच्या लेकीचं, सुनीताचं. ती नवऱ्याजवळ इंग्लंडला, तक्रार करणार कोण? रजिस्टरात तिच्या नावापुढे पाच जनावरं लागली आणि ‘मालक स्वतः हजर’ या रकान्यात सचिव रोज तिची सही करू लागले.

पुढच्या वर्षी सुनीताचा फोन आला. जावई जन्मापासून तिकडचेच, ही त्यांची बायको म्हणून व्हिसावर राहत होती. व्हिसाची मुदत संपत आली होती. वाढवून मिळायला दोघं तिथं एकत्र राहतात हे दाखवायचं होतं. तिनं वडिलांकडे फक्त लग्नाचा दाखला आणि चार फोटो मागितले.

"दोन कागदानं काय हुतंय?" सचिव मला म्हणाले. "फाईल जाड पायजे. जाड फाईल सायब उघडत न्हाई, नुसती सही करतो."

झालं! सोसायटीचा ठराव झाला, की सौ. सुनीता व जावई इंग्लंडात गुण्यागोविंदानं नांदतात. पाच पंचांचा पंचनामा झाला. त्या पंचांतला एकही औरंगाबादच्या पुढे गेला नव्हता. आणि लेक खात्यापित्या घरची आहे हे कळावं म्हणून सचिवांनी छावणीची यादीही जोडली. तिचं इंग्रजी भाषांतर मीच केलं. ‘सौ. सुनीता, पाच जनावरांसह, रोज स्वतः हजर.’ खोटं कशाला बोलू, मलाही काही खटकलं नाही. कागदावरची हजेरी वेगळी आणि माणसाची वेगळी, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं.

सुनीतानंही फाईल न वाचताच पुढे पाठवली. बाबांच्या कागदात चूक नसते, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

काही आठवड्यांनी तिकडच्या कचेरीचं पत्र आलं. सुनीतानं ते रडत रडत माझ्या मेलवर पाठवलं. मी सचिवांना मराठीत वाचून दाखवलं: छावणीच्या यादीतल्या महिन्यांत आपण पतीसोबत इथं होता, की पाच जनावरांसोबत भारतात? दहा दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर तिला नवऱ्याला सोडून परत यावं लागणार होतं.

सचिव बाकावर बसले. "तिकडं उघडून वाचत्यात?" एवढंच म्हणाले.

पत्राचं कळताच चेअरमन जीपनं दुकानात आले. "काहून घाबरतोस रं? त्याच नावाची दुसरी सुनीता दाखवू गावात. सरपंच दाखला देतो, तू ठराव लिही."

काम सोपं होतं. सचिवांनी याहून अवघड माणसं कागदावर जन्माला घातली होती. त्यांनी पेन काढलं, ‘ठराव क्रमांक’ एवढं लिहिलं आणि थांबले. मग पेनाला टोपण लावलं.

"न्हाई जमायचं, चेअरमनसायब. दुसरी सुनीता कुठून आणू? मला एकच हाय."

"मग नोकरीवर पाणी सोड."

"सोडलं."

चेअरमन गेल्यावर त्यांनी मला प्रतिज्ञापत्र सांगितलं. ‘लेक छावणीत एकही दिवस नव्हती. तिच्या नावाची जनावरंही नव्हती. सह्या सगळ्या माझ्या हातच्या.’ मी म्हटलं, "सचिवसाहेब, ‘अनवधानाने’ असा एक शब्द टाकू का?"

"नगं. अनवधानानं दोन-दोन महिने सह्या हुत न्हाईत."

हा माणूस लबाड होता, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला.

प्रतिज्ञापत्र इंग्लंडला गेलं. इकडे चेअरमननं स्वतःला वाचवायला सगळं सचिवांवर ढकललं आणि त्यांना कामावरून काढलं, अर्थातच सर्वानुमते. आदेशाचा लखोटा शिपाई माझ्याकडे टाकून गेला. त्याच आठवड्यात इंग्लंडचं उत्तर आलं. मी फोन केला तसे सचिव धावतच आले.

"ऱ्हाऊ देत्यात का दोघांला?"

"हो. आणखी अडीच वर्षं."

भर दुकानात ते उपरण्यात तोंड घालून रडले. मी तो दुसरा लखोटा पुढे केला. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापशीच," म्हणाले आणि मुलीच्या कागदाची घडी खिशात घालून निघून गेले. परत दुकानात आले नाहीत.

दोन वर्षांनी ते गेले. सुनीता आली होती, मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला. वडिलांचं काही राहिलंय का, असं तिनं विचारलं, म्हणून मी ड्रॉवरमधला लखोटा तिला दिला. तिनं तो फोडला, उभ्यानं सगळा वाचला, मग पुन्हा वरची तारीख बघितली. तिचा व्हिसा वाढला त्याच आठवड्यातली.

"मला तर बाबा म्हणलेते, रिटायर झालो."

मी तिला बसायला स्टूल दिलं.