कोअरमधली रिकामी जागा

सुजाताने कॅबिनेटचं दार उघडलं. आतल्या कोअरच्या चकत्या झाल्या होत्या.

कोअर म्हणजे पोकळ ड्रिल जमिनीत उतरवून काढलेला खडकाचा लांब तुकडा, मनगटाएवढा जाड. मी सातवी शिकलेला माणूस. हयात सिंगापुरात ड्रिलिंगवर गेली. आता जुरोंग ईस्टच्या एका लॅबमध्ये खडक कापून, घासून देतो. सुजाता नागपूरची, खडकांच्या थरांवर डॉक्टरेट केलेली, याच लॅबमध्ये. दूरच्या एका नदीवर विजेसाठी धरण व्हायचंय, आणि हा त्याच खोऱ्यातला अतिप्राचीन खडक. पूर्वी पृथ्वी आतासारखीच तापली तेव्हा तिथल्या पुरांनी किती वाळू आणली, ते त्याच्या थरांत दिसतं. वाळू फार आली तर धरण भरतं, टर्बाइनची पाती झिजतात.

असला गाळाचा खडक ओला निघतो, तो ओलाच ठेवायचा; सुकला की फुटतो. आमचे बॉस मिस्टर लिम यांनी त्याचं प्लास्टिक काढून तो ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवला. इथे दमट हवेत चपलांनाही बुरशी येते. जपायची वस्तू दिसली की लोक ती कोरड्या कपाटात घालतात. त्यांनी काळजीच घेतली होती.

"क्लायंट टुमॉरो कमिंग. अंकल, कॅन ऑर नॉट?" लिमनी मला विचारलं.

"कॅन," मी म्हणालो. असली कामं मला जमतात.

चकत्या रेझिनमध्ये बसवायच्या होत्या. रेझिन आधी पातळ असतं, सुकलं की काचेसारखं होतं. धूळ पुसायला मी ओलं फडकं घेतलं, तर सुजाता ओरडली.

"काका, पाणी नको! सुकलाय तो, आता चिखल होईल त्याचा!"

बरोबर होतं तिचं. मी कोरडा ब्रश घेतला. पुराच्या थरात जाड वाळू खाली बसते, बारीक गाळ वर. त्यावरून ती भिंगातून वरची बाजू ओळखायची आणि सांगायची, मी बसवायचो. दुपारी तिने डबा पुढे केला.

"काकू गेल्यापासून तुम्ही दुपारचं जेवतच नाही."

"तू खडक बघ."

तरी अर्धी पोळी खाल्ली. कडक होती. आमची ही असती तर तिने पोरीला चार शब्द सुनावले असते, आणि दुसऱ्या दिवशी दोघांचा डबा केला असता.

मधल्या एका जागेचा पार भुगा झाला होता. त्यातली एकच चकती धड होती. लिम डोकावले.

"पुट इनसाइड लाह. कम्प्लीट लुक्स नायसर."

ते गेल्यावर मी विचारलं, "वरची बाजू कुठली?"

तिने बराच वेळ भिंग लावलं. "कळत नाही. लावून टाका, काका."

"उलटी लागली तर?"

"तुमचं काय जातंय? प्रोजेक्ट गेला तर इथे काम करायचा पास माझा जाणार आहे!"

"माझं काहीच जात नाही. रिपोर्टवर तुझं नाव लागणार, म्हणून विचारतोय. सांग, लावतो."

ती चिडून उठली, पाणी पिऊन आली. मग चकती उचलून तिने स्वतःच पिशवीत टाकली. "जागा मोकळी ठेवा."

दुसऱ्या दिवशी धरणाच्या इंजिनीअर बाई आल्या. त्यांचं बोट नेमकं तिथेच थांबलं. "हे काय?"

लिम काही बोलायच्या आत सुजाता म्हणाली, "कोअर आमच्याकडे सुकून फुटला. इथले थर आम्हाला माहीत नाहीत."

"आणि खालचा हा जाड थर?"

"वाळूचा. मोठ्या पुराचा. मधेही तसाच असेल, नसेलही."

बाई म्हणाल्या, "गाळ सोडायचे दरवाजे किती मोठे ठेवायचे, ते यावर ठरवायचंय मला. अर्धवट माहितीवर नाही ठरवणार."

सुजाताचा चेहरा पडला.

बाई लिमकडे वळल्या. "शेजारीच दुसरं बोअर घ्या. खर्च तुमच्या लॅबचा. थरांचं काम हिनेच करायचं."

लिमनी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

नवा कोअर आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ओला. त्या जागी वाळूचाच थर निघाला, खालच्यापेक्षा जाड. दरवाजे मोठे करायचं ठरलं. सुजाताचा पास वाढला.

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. खडक जसा आला तसा ठेवा. आणि त्यात रिकामी जागा पडली असेल तर दाखवा, कारण धरण बांधून झाल्यावर ती दाखवून कुणाला उपयोग नाही.