मागल्या दारानं आलेली वीज

"दीक्षा, तुझ्या हाताला गुणच न्हाय," असं सयाजीराव चारचौघांत बोलले, आणि पोरीच्या ते जिव्हारी लागलं. लागणारच की! हुपरीची पोरगी ती. आई यल्लव्वा दुसऱ्याच्या कारखान्यात चांदीच्या पैंजणांना घुंगरं झाळायची, म्हणजे तापवून जोडायची. तिच्या मांडीला मांडी लावून दीक्षा झाळकाम शिकली, मग इंजिनिअर झाली आणि शाहूपुरीत सयाजीरावांच्या माडीवरल्या कंपनीत लागली. आणि तिच्या हाताला नावं ठेवायची?

साल दोन हजार सहा-सातचं. दूध संस्थेच्या टाकीतलं तापमान लांबूनच कॉम्प्युटरवर दिसावं, असं बिनतारी यंत्र कंपनी करत होती. हवेतून येणाऱ्या सिग्नलमधला गोंगाट गाळणारी परदेशी चिप हा त्या यंत्राचा जीव. पण भारी नखरेल बया! वीज आधी आतल्या मेंदूला द्यायची, बाहेरच्या पायांना मागनं. क्रम चुकला की भाजलीच म्हणून समजा. क्रम राखणारं सर्किट दीक्षानं जिवापाड मेहनतीनं केलेलं. तरी चिपा जळतच होत्या, आणि का ते कुणाला उमगेना. आता एकच उरली होती.

"आज दूध संस्थेचे चेअरमन गणपतराव बघायला येत्यात," सयाजीरावांनी बजावलं. "यंत्र मी चालवणार. तू हात लावायचा न्हाईस. ही बी जळली तर काम पुण्याला देतो, आणि तू हुपरीची एसटी धर."

गणपतराव आले, चहा झाला. टेबलावर दुधाची किटली, तिच्यात हवेतून सिग्नल धाडणारा सेन्सर, शेजारी तो सिग्नल पकडणारा चिपचा बोर्ड, आणि बोर्डापासनं कॉम्प्युटरपर्यंत केबल. पडद्यावर तापमानाचा आकडा उमटला. दीक्षा भिंतीला टेकून जीव मुठीत धरून उभी होती.

आणि लाईट गेली.

"काळजी नको, चेअरमनसाहेब! कॉम्प्युटर यूपीएसवर हाय," सयाजीराव हसले.

दीक्षाची नजर मात्र बोर्डावर. त्याला यूपीएस नव्हता, तो आता मेलेला पाहिजे. पण त्याच्यावरला तांबडा दिवा मिणमिणत होता. अगं बाई, ही वीज आली कुठनं?

केबल! कॉम्प्युटर जागा, आणि त्याची वीज केबलमधनं थेट चिपच्या बाहेरच्या पायांत, मेंदू झोपलेला असताना! पुढलं दार बंद, आणि चोर मागल्या दारानं आत. तिनं चिपवर बोट ठेवलं. चटका बसला.

"ए, हात लावू नकोस!" सयाजीराव ओरडले.

ती केबलचे स्क्रू सोडवायला लागली. एक सुटला. दुसरा हलेना. घामानं बोटं निसटत होती. तिनं दात आवळून पिळा दिला आणि केबल उपसून काढली. पडद्यावरचा आकडा गेला.

"गेली तुझी नोकरी!"

चिप वाचली का मेली, तेवढंच दीक्षाच्या डोक्यात होतं. लाईट आली. तिनं आधी बोर्ड चालू होऊ दिला, मग केबल लावली. पडदा कोराच. सयाजीरावांनी डोक्याला हात लावला. आणि आकडा उमटला.

दीक्षानं सगळं समजावलं. गणपतराव ऐकून म्हणाले, "आमच्यात तर लाईट सारखी जाती. मग आमचं यंत्र बी जळलंच असतं की!"

"व्हय. आता केबलच्या वाटेवर फाटक घालते. मेंदू जागा झाल्याबिगर ते उघडायचंच न्हाय."

"बघा, चेअरमनसाहेब!" सयाजीराव लगेच पुढं सरसावले. "पोरीच्या हाताला लई गुण हाय!"

दीक्षा केबलचा स्क्रू आवळत होती. तिनं मान वर केली नाही.

"हात तोच हाय, साहेब."